दुसऱ्या पाळीचा हिशेब

आज मी आपल्याशी ज्या विषयावर बोलणार आहे तो काही पुस्तकातून शोधून काढलेला नाही. गावोगावच्या चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर, हॉटेलच्या बाकावर तो रोज निघतो. गावाने एखाद्याला दुसऱ्यांदा सरपंच केले, किंवा शहराने एखाद्याला दुसऱ्यांदा नगराध्यक्ष केले, म्हणजे पहिले काही महिने सगळे शांत असते. मग हळूहळू कुजबुज सुरू होते. एक जण म्हणतो, "पहिल्या वेळी काय धावपळ करायचा हा माणूस! आता हाक मारली तरी वळून बघत नाही." दुसरा म्हणतो, "अहो आबा, काम केलं म्हणूनच तर आपण त्याला पुन्हा निवडून दिलं ना?" तिसरा चहाचा पेला खाली ठेवतो आणि म्हणतो, "जाऊ द्या हो, पळसाला पाने तीनच." आणि तिथे चर्चा संपते.

या तिघांपैकी पहिले दोघे लोकशाहीचे काम करीत असतात. तिसरा ते बंद पाडतो. अध्यक्षाच्या दुसऱ्या मुदतीबद्दल लोकांनी वाद घालावा, ही वाईट गोष्ट मुळीच नाही. वाद घालायलाच हवा. मात्र तो चहाच्या पेल्यापाशी न संपता ग्रामसभेत विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नापर्यंत गेला पाहिजे. तो तिथपर्यंत कसा न्यावा, एवढेच आज मला सांगायचे आहे.

भिवंडीकरांना 'पाळी' हा शब्द समजावून सांगायला नको. यंत्रमागाच्या कारखान्यात दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन पाळ्या चालतात. कामगाराची मजुरी त्याने विणलेल्या कापडाच्या लांबीवर ठरते. नवा माणूस पहिल्यांदा मागावर उभा राहिला तर मुकादम त्याला थोडे सांभाळून घेतो. माग ओळखीचा नाही, धागा वरचेवर तुटतो, आधीच्या माणसाने काय करून ठेवले आहे ते त्याला ठाऊक नसते. पण तोच माणूस त्याच मागावर दुसऱ्यांदा उभा राहिला म्हणजे ही सबब चालत नाही. माग तोच, सूत तेच, आणि कालचा कारागीरही तोच. आता कापडात दोष निघाला तर बोट दाखवायला दुसरा कोणी उरत नाही.

अध्यक्षाच्या दुसऱ्या मुदतीचे मर्म नेमके हेच आहे. पहिल्या मुदतीत तो म्हणू शकतो, "मागच्या लोकांनी कर्ज करून ठेवलं, तिजोरी रिकामी ठेवली, मी काय करू?" आणि पुष्कळदा ते खरेही असते. दुसऱ्या मुदतीत 'मागचे लोक' म्हणजे तो स्वतःच असतो. म्हणून दुसऱ्या मुदतीत त्याची तुलना शेजारच्या गावच्या सरपंचाशी करायची नाही, की वीस वर्षांपूर्वीच्या सरपंचाशीही नाही. ती करायची त्याच्याच पहिल्या मुदतीशी.

आता हिशेब घ्यायचा म्हणजे केव्हा घ्यायचा? पुष्कळ लोकांना वाटते, पाच वर्षांनी मतपेटी येईल तेव्हा पाहून घेऊ. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगून ठेवलेली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी एक प्रश्न उभा केला. अमेरिकेसारखा अध्यक्ष नेमावा, की इंग्लंडसारखे लोकसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ असावे? अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, कारण अध्यक्षाला मुदतीआधी सहसा काढता येत नाही. परंतु तिथे जबाबदारीचे माप ठराविक काळाने घेतले जाते, आणि ते मतदार घेतात. संसदीय पद्धतीत हे माप दोन वेळा घेता येते. निवडणुकीच्या वेळी मतदार घेतातच, शिवाय सभासद रोजच्या रोज प्रश्न विचारून, ठराव मांडून, प्रसंगी अविश्वास दाखवून ते घेतात. रोजचे माप अधिक उपयोगाचे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आपल्या देशाने तीच पद्धत स्वीकारली.

श्रोतेहो, रोजचे माप आणि ठराविक काळाचे माप, हे दोन शब्द मनात धरून ठेवा. दूध घालणारी गवळण रोज माप पाहते. वर्षाच्या शेवटी एकदम बघू, असे ती म्हणत नाही.

अमेरिकेची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. त्या देशात पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन मुदतींनंतर आपण होऊन निरोप घेतला. पुढे दीडशे वर्षे तोच पायंडा चालला. फ्रँकलिन रूझवेल्ट मात्र १९३२, १९३६, १९४० आणि १९४४ असे चार वेळा निवडून आले. त्यानंतर त्या देशाने १९५१ साली आपली घटना दुरुस्त केली आणि दोनपेक्षा अधिक वेळा कोणालाही अध्यक्ष म्हणून निवडता येणार नाही असे ठरवले. म्हणजे तिथे दुसरी मुदत ही शेवटचीच. ज्याला पुन्हा मत मागायला यायचे नाही तो लोकांना विचारील कशाला, असाही वाद तिथे चालतो. आणि ज्याला मतांची लाचारी उरली नाही तोच धीटपणे चांगले काम करील, असाही चालतो.

आपल्याकडे तशी बंदी नाही. आपल्या घटनेच्या ५७ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतीला पुन्हा निवडणुकीला उभे राहता येते. पण दुसरी मुदत मिळालेले राष्ट्रपती आजवर एकच झाले, ते म्हणजे डॉ. राजेंद्र प्रसाद. प्रजासत्ताक झाल्यापासून ते त्या पदावर होते, १९५२ साली निवडून आले, १९५७ साली पुन्हा निवडून आले, आणि मे १९६२ मध्ये निवृत्त होऊन पाटण्याच्या सदाकत आश्रमात परत गेले. माणूस अत्यंत साधा. राष्ट्रपतीचे वेतन महिना दहा हजार रुपये ठरलेले, पण शेवटी शेवटी ते त्यातला चौथा हिस्साच घेत. त्यांच्या सचोटीबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

आणि तरीही त्यांच्या दुसऱ्या मुदतीत एक मोठा वाद देशभर झाला. तो त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीला विधिविषयक संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसवताना त्यांनी सांगितले, की भारताच्या राष्ट्रपतीचे अधिकार इंग्लंडच्या राजाइतकेच मर्यादित आहेत काय, याचा जाणकारांनी अभ्यास करावा. झाले! वकील, प्राध्यापक, वर्तमानपत्रे, सगळीकडे चर्चा सुरू झाली. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे काय? की त्याला स्वतःचे मत चालवता येईल? पुढे १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय दिला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट लिहिले गेले. १९७८ च्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली.

या गोष्टीतून आपल्या गावासाठी दोन धडे निघतात. पहिला धडा असा, की माणूस सज्जन असला म्हणजे प्रश्न संपत नाही. राजेंद्रबाबूंसारख्या माणसाबद्दलही देशाने विचारले, की या पदाच्या हाती नेमके काय आहे? त्यात त्यांचा अपमान झाला नाही. उलट पदाची इज्जत वाढली. आपल्याकडे मात्र एखाद्याने हिशेब विचारला की लगेच ऐकू येते, "काय, भाऊंवर विश्वास नाही तुमचा?" विश्वास आहे म्हणूनच तर दुसऱ्यांदा मत दिले! आता हिशेब विचारतो आहोत तो पैशांचा, भाऊंच्या सज्जनपणाचा नव्हे. बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते, की धर्मात भक्ती आत्म्याला तारील, पण राजकारणात भक्ती माणसाला हुकूमशाहीच्या वाटेवर नेते. दुसऱ्यांदा निवडून आलेल्या माणसाभोवती ही भक्ती फार लवकर जमते, म्हणून सांगतो.

दुसरा धडा असा, की ज्या पदाबद्दल बोलायचे त्या पदाच्या हाती काय आहे, ते आधी समजून घ्यावे. भिवंडीचेच उदाहरण घेऊ. भिवंडी-निजामपूर ही दीडशे वर्षांहून जुनी नगरपालिका. या शतकाच्या आरंभी तिची महानगरपालिका झाली आणि नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला. लोकांना वाटते महापौर म्हणजे शहराचा राजा. पण कायद्याने महापालिकेचा कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्ताकडे आहे. खर्चाच्या मोठ्या मंजुऱ्या स्थायी समिती देते. महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो. तेव्हा गटार तुंबले म्हणून नुसते महापौराला बोल लावणे बरोबर नाही. त्याला विचारायचे ते असे: "गटारांचा विषय तुम्ही सभेपुढे किती वेळा घेतलात? आयुक्तांकडून उत्तर घेतलेत काय? सभा वेळेवर भरवल्यात काय?" हा प्रश्न त्याच्या हातातल्या गोष्टींचा आहे, म्हणून त्याला तो टाळता येत नाही.

महापौराची मुदत अडीच वर्षांची असते, म्हणजे एका सभागृहाच्या पाच वर्षांत महापौरपदाच्या दोन पाळ्या होतात. भिवंडीत २०१७ साली ९० नगरसेवक निवडून आले. त्यांपैकी ४७ एकाच पक्षाचे, म्हणजे स्वच्छ बहुमत. पहिला महापौर त्या पक्षाचा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या पाळीसाठी निवड झाली, तेव्हा त्याच पक्षाच्या १८ नगरसेवकांनी दुसऱ्या बाजूला मते दिली, आणि अवघे चार नगरसेवक असलेल्या आघाडीच्या उमेदवार ४९ विरुद्ध ४१ मतांनी महापौर झाल्या. त्यात कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हा आजचा विषय नाही. मी दाखवतो आहे ते एवढेच: मतदारांनी २०१७ साली आपले माप घेतले आणि ते घरी गेले. पुढचे मोठे वळण आले तेव्हा मतदार फक्त बघे होते. मग २०२२ साली त्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. महापौरही नाही, नगरसेवकही नाहीत. अशा वेळी ज्या मोहल्ल्याला रोजचे माप घ्यायची सवय होती, तो कार्यालयात जाऊन विचारू शकला असता. ज्याला फक्त मत देण्याची सवय, तो थांबून राहिला असता. थोडक्यात, प्रश्न विचारण्याची सवय खुर्चीवर कोण बसले आहे यावर अवलंबून ठेवू नये.

आता खेड्याकडे वळू. भिवंडी तालुक्यात मोठा बदल झाला आहे तो गोदामांचा. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, मानकोली या बाजूला जिथे भाताची शेते होती, तिथे आता मुंबईच्या व्यापाराची गोदामे उभी आहेत. अशा गावच्या पंचायतीचे करांचे उत्पन्न पूर्वीच्या मानाने पुष्कळ वाढते. तिथे दुसऱ्यांदा सरपंच झालेल्या माणसाच्या हाती पहिल्या वेळेपेक्षा अधिक पैसा असतो. म्हणून 'काम दिसतंय की!' एवढ्यावर समाधान मानू नये. पैसा दुप्पट आणि काम दीडपट, तर बाकीचे गेले कुठे, हे विचारायलाच हवे.

आणि हे विचारायला वकील लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत ठराविक नमुन्यांची दप्तरे असतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. कोणत्या इमारतीवर किती कर बसवला ते तिच्यात लिहिलेले असते. नमुना ९ मध्ये मागणी आणि बाकी कळते. समजा, गावात नवी चार गोदामे उभी राहिली आहेत आणि नमुना ८ मध्ये दोनच दिसतात. झाला तुमचा प्रश्न तयार! समजा, पहिल्या मुदतीत दर वर्षी दहा घरांची करबाकी होती, आणि दुसऱ्या मुदतीत शंभर घरांची झाली. हाही एक प्रश्न. हातच्या काकणाला आरसा कशाला? तोंडी सांगून काम होत नसेल तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचे शुल्क आणि साधा अर्ज. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते शुल्कही नाही.

हा प्रश्न मांडायचा कुठे? ग्रामसभेत. आपल्या राज्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा भरवण्याची रीत आहे. सभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. शंभर माणसे म्हणजे काय मोठी गोष्ट? लग्नाच्या पंगतीला त्याहून जास्त असतात. पण पंगतीला जाणारे गाव ग्रामसभेला जात नाही, आणि मग कोरम झाला नाही म्हणून सभा तहकूब होते. दुसऱ्यांदा निवडून आलेला सरपंच ढिला पडतो, त्यात निम्मा वाटा या रिकाम्या सतरंजीचा असतो.

सरपंच थेट लोकांनी निवडावा, की सदस्यांनी, यावरही आपल्या राज्यात बराच बदल झाला. २०१७ साली थेट निवड आली, २०२० साली ती रद्द झाली, २०२२ साली पुन्हा आली. थेट निवडलेला सरपंच म्हणतो, "मला गावाने निवडलंय, सदस्यांनी नव्हे." ठीक आहे. मग उत्तरही त्याने गावालाच द्यायला हवे. अशा सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव केला तरी तो कायम व्हायला ग्रामसभेची मान्यता लागते, ती याच कारणाने. पण अविश्वास हे शेवटचे शस्त्र आहे. रोजचे माप नीट घेतले तर ते म्यानातून काढायची वेळ क्वचित येते.

आणखी एक गोष्ट माता-भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते. त्यामुळे एकाच माणसाला लागोपाठ दोनदा पद मिळेलच असे नाही. पण एका घराला मिळू शकते. पहिल्या वेळी नवरा सरपंच. मग पद महिलेसाठी राखीव झाले म्हणून बायको सरपंच. कागदावर ही तिची पहिली मुदत, पण खुर्चीवर त्या घराची ती दुसरी पाळी असते. २०११ सालापासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्मी पदे महिलांसाठी आहेत. मोठ्या कष्टाने मिळालेली ही जागा आहे. म्हणून ग्रामसभेत प्रश्न विचारताना तो ताईंना विचारा. उत्तर द्यायला त्यांचे यजमान उठले, तर नम्रपणे सांगा, "दादा, तुम्ही बसा. आम्ही सरपंचांना विचारलं आहे." पहिल्या वेळी ताई अडखळतील. दुसऱ्या वेळी दप्तर वाचून येतील. तिसऱ्या वेळी त्याच ग्रामसेवकाला चार प्रश्न विचारतील. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी वेगळी भरवायची असते. ती कागदावर न भरता खरोखर भरली पाहिजे, याकडे बायकांनीच लक्ष द्यावे.

श्रोतेहो, वाद कसा घालावा याविषयीही थोडे बोलले पाहिजे, आणि भिवंडीचे नाव घेऊन ते बोलण्यात मोठा अर्थ आहे. हे गाव कापडाचे. ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा, तेव्हा कापड बनते. आपला शेजारी, ठाण्या-रायगडचा आगरी-कोळी, उत्तरेकडून आलेला कारागीर, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर, हिंदू आणि मुसलमान, सगळ्यांचे पोट एकाच मागावर. त्याच गावात १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली दंगली झाल्या. माणसे मेली, घरे जळाली, माग जळाले. ज्या गावात 'अमका अध्यक्ष कसा काम करतो' हा प्रश्न 'अमका कोणाचा आहे' या प्रश्नावर घसरतो, तिथे ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

पण त्याच भिवंडीने देशाला एक चांगली गोष्टही दाखवली. १९८८ साली इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. त्यांत पुढारी बोलावण्यापेक्षा साधी माणसे बसवली, दोन्ही समाजांची, शेजारी-शेजारी. नियमाने भेटायचे, छोटा तंटा छोटा असतानाच मिटवायचा, अफवा आली तर आधी एकमेकांना विचारायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा पन्नास किलोमीटरच्या आतली ही भिवंडी शांत राहिली. बाबासाहेब ज्याला रोजचे माप म्हणत होते, तेच हे, फक्त पोलीस चौकीत घेतलेले. जी माणसे महिन्यातून एकदा समोरासमोर बसून नळाच्या पाण्यावरून भांडतात, ती एकमेकांच्या जिवावर सहसा उठत नाहीत.

म्हणून अध्यक्षाच्या कामाविषयी बोलताना तीन पथ्ये पाळा. एक, माणसाची जात, धर्म, पक्ष यांचा उल्लेख न करता प्रश्न विचारता येतो काय ते पाहा. येत नसेल तर तो प्रश्न कामाचा नव्हे. दोन, आकडा किंवा तारीख हाताशी ठेवून बोला. 'काहीच काम झालं नाही' याला उत्तर नसते. 'शाळेच्या संडासाचा ठराव मागच्या मे महिन्यात झाला, तो अजून का उभा राहिला नाही?' याला उत्तर द्यावेच लागते. तीन, उत्तर पूर्ण ऐकून घ्या, आणि चांगले काम झाले असेल तर तेही सभेतच बोलून दाखवा. कौतुक पारावर आणि शिव्या सभेत, असे केले तर कोणता भला माणूस दुसऱ्यांदा उभा राहील?

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. तुम्ही कोणाचा प्रचार करू नये हे खरेच. पण मुलांना फलक वाचायला शिकवणे हा प्रचार नव्हे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना पंचायतीच्या कचेरीसमोर न्या. फलकावर काय लावले आहे, कोणती तारीख आहे, किती रक्कम आहे, ते वहीत उतरून घ्यायला सांगा. मग वर्गात एक छोटी ग्रामसभा भरवा. एका मुलीला सरपंच करा, एकाला ग्रामसेवक करा, बाकीचे गावकरी. महिन्याभराने त्याच मुलीला पुन्हा सरपंच करा, आणि वर्गाला सांगा की आता हिला मागच्या सभेत दिलेल्या उत्तरांबद्दल विचारायचे. मागची वही उघडली की दुसऱ्या मुदतीचा अर्थ मुलांना न समजावताच समजेल. प्रत्येक गावात अशी एक वही असावी. ती शाळेत असो, वाचनालयात असो, की महिला बचत गटाच्या पेटीत असो. सरपंच निवडून आल्यावर त्याने दिलेली वचने त्या दिवशीच तारखेसह लिहून ठेवायची. पाच वर्षांनी तो पुन्हा हात जोडून दारात आला, की वही पुढे ठेवायची आणि म्हणायचे, "या, बसा. आधी हे वाचून दाखवा."

ज्याने काम केले असेल तो आनंदाने वाचील. ज्याने केले नसेल तो पान उलटायला बघेल. त्यावरूनच तुम्हाला तुमचे मत कोणाला द्यायचे ते कळून येईल.